कर्जफेडीचे नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

कर्ज फेडायचं पक्कं ठरवलं की त्या रात्री झोप छान लागते. दुसऱ्या दिवशी नवी वही येते, रकाने आखले जातात आणि घरात 'बंद'ची यादी सुरू होते: हे बंद, ते बंद, अमुक तर अजिबात बंद. तीनेक आठवडे घर छावणीसारखं चालतं. मग कुणीतरी आजारी पडतं, नाहीतर वॉशिंग मशीन मान टाकतं, हिशेब कोलमडतो आणि वही कपाटात कपड्यांखाली जाते. घर आवरताना आमच्याकडे अशा तीन वह्या सापडल्या. तिन्हींची पहिली आठ-दहा पानं गच्च भरलेली, पुढं सगळं कोरं.

चौथ्या खेपेला कर्ज फिटलं. तोवर आम्ही दोघंही दमलो होतो, जिद्द वगैरे फारशी शिल्लक नव्हती. बहुधा म्हणूनच जमलं. उत्साहाच्या भरवशावर काही ठेवायचंच नाही असं ठरवून सगळी मांडणी केली. ज्या दिवशी मन अजिबात लागणार नाही, त्या दिवशीही गाडं पुढं सरकलं पाहिजे, एवढीच अट. ती मांडणी क्रमानं सांगते.

सुरुवात एका वजाबाकीनं

महिन्याला हातात येणाऱ्या पैशांतून घरभाडं, किराणा, औषधं, शिक्षण, वीज-पाणी आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करा. मग सगळ्या कर्जांचे किमान हप्ते वजा करा. उत्तर शून्याच्या वर आलं, भले थोडंसंच, तर पुढं वाचा.

उणे आलं तर मनोबलाच्या गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. पोटाला चिमटा काढून ही तोंडमिळवणी होणार नाही. ज्यांच्याकडून कर्ज घेतलंय त्यांच्याशी हप्ता चुकण्याच्या आधी बोला. मुदत वाढवून मिळेल का, व्याजदर कमी होईल का, काही महिने हप्ता थांबवता येईल का, हे विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. थांबवलेल्या काळातही व्याज चढत असतं, हे तेव्हाच विचारून घ्यायचं. हप्ता चुकल्यावर गेलं की तोच माणूस वेगळ्या सुरात बोलतो. आणि जुना हप्ता भरायला नवं कर्ज काढू नका. सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्यायचा पर्याय असतो, पण तिथं नुसता हप्ता किती कमी झाला ते पाहून भुलायचं नाही. मुदत लांबली की हप्ता कमी होतोच. पूर्ण मुदतीत मिळून व्याज किती जाणार, हा आकडा मागा.

सगळी कर्जं एका कागदावर

हे काम अर्ध्या तासाचं असतं आणि लोक ते दोन-दोन वर्षं टाळतात. मीही टाळलं. एकूण आकडा मनात अंदाजानं ठाऊक असतो. कागदावर तो जास्तच निघणार अशी भीती असते. आमचा खरंच जास्त निघाला. पण गंमत अशी की त्या दिवसानंतर रात्री छताकडं पाहत बेरजा करणं थांबलं.

प्रत्येक कर्जापुढं पाच गोष्टी लिहा: कुणाचं, मुद्दल किती उरलंय, व्याजदर वर्षाला किती, महिन्याचा हप्ता किती, आणि मुदतीआधी फेडलं तर शुल्क लागतं का. व्याजदर महिन्याचा सांगितला असेल तर वर्षाचा काढा. 'महिना फक्त 3 टक्के' ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर 24 महिन्यांत बाकी दुप्पट होते.

नातेवाइकांकडून घेतलेले उसने पैसेही याच यादीत येतात. आम्ही धाकट्या दीरांकडून बिनव्याजी घेतले होते. हिशेबानं ते सगळ्यात शेवटी फेडायचे, कारण व्याज शून्य. पण ते समोर आले की आम्ही दोघंही विषय बदलायचो, घाईनं चहा टाकायला उठायचो. त्या अवघडलेपणाची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमच्या यादीत असं एखादं कर्ज असेल तर त्यापुढं फुली मारून ठेवा. त्याचं पुढं बघू.

पहिल्या महिन्यात काहीच कापू नका

फक्त लिहा. रोज रात्री, दोन मिनिटं, जे गेलं ते. पहिल्याच दिवशी कात्री हातात घेतली की माणूस जे डोळ्यांसमोर असतं ते कापतो, आणि डोळ्यांसमोर नेमक्या छोट्या आनंदाच्या गोष्टी असतात. मोठी गळती भलतीकडेच असते. कुणी बघत नसलेली वर्गणी, दुप्पट घेतलेला विमा, उशिरा भरल्याचा दंड, गरजेपेक्षा मोठा इंटरनेटचा पॅक.

वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळे लिहा: विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, घरातली कार्यं. त्यांची बेरीज करून 12 नं भागा आणि ती रक्कम दर महिन्याला बाजूला टाका. आमच्या पहिल्या दोन वह्या अशाच खर्चांनी बुडवल्या. दर वेळी 'अचानक' आले म्हणून आम्ही कपाळाला हात लावला, आणि दर वेळी ते कॅलेंडरवर वर्षभर आधीपासून होते.

दार लावा, आणि थोडी गाठ बांधा

नवं कर्ज येत राहिलं तर जुनं फेडण्यात अर्थ नाही. क्रेडिट कार्ड घरात ठेवा, फोनमध्ये साठवलेले त्याचे नंबर पुसा. खरेदीच्या वेळी उठून कपाटापर्यंत जावं लागलं की निम्मे विचार वाटेतच विरतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डानं पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांची बोली रोखीवाल्यांच्या बोलीहून कितीतरी चढी निघाली. हातातून नोट जाताना जो चटका बसतो तो कार्डाला नसतो. कर्ज फिटेपर्यंत तो चटका आपल्या कामाचा.

दुसरीकडं, थोडी शिल्लक बाजूला हवीच. सहा महिन्यांचा खर्च वगैरे आत्ता नको, ते कर्ज फिटल्यावर. एखादं यंत्र बिघडलं, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर कार्ड बाहेर काढावं लागू नये, एवढीच. पहिले दोन-तीन महिने जादाची सगळी रक्कम या गाठीत जाऊ द्या. कर्ज हलत नाही म्हणून या काळात जीव खालीवर होतो, होऊ द्या.

आता खरी फेड: हप्ता गोठवा

एक उदाहरण मी दहा वेळा कागदावर करून पाहिलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. क्रेडिट कार्डावर 1,00,000 ची बाकी, महिना 3 टक्के व्याज, आणि किमान भरायची रक्कम बाकीच्या 5 टक्के. पहिल्या महिन्यात 5,000 भरले. त्यातले 3,000 व्याजात गेले, 2,000 मुद्दलात. पुढच्या महिन्यात बाकी 98,000, म्हणून मागणी 4,900 ची. दर महिन्याला मागणी थोडी थोडी उतरते आणि आपल्याला हलकं वाटतं. इथंच फसगत आहे. उतरती किमान रक्कम भरत गेलात तर 31 महिन्यांनंतरही 53,000 च्या वर बाकी असते. त्याच कर्जावर दर महिन्याला पहिल्याइतकेच 5,000 भरत राहिलात तर त्याच 31 महिन्यांत कर्ज संपतं. 6,000 भरलेत तर 24 व्या महिन्यात.

म्हणून आजच्या हप्त्याचा आकडा गोठवायचा. मागणी कमी झाली तरी आपण तेवढेच भरायचे. आणि हे पैसे पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जावेत अशी सूचना खात्यावर देऊन ठेवायची. महिनाअखेरी उरेल ते भरू असं म्हणणाऱ्याकडं महिनाअखेरी काही उरत नाही, हे मी तीन वह्या भरून शिकले.

जादाची रक्कम कुठल्या कर्जावर घालायची, यावरून घराघरात वाद होतात. गणित सांगतं: सर्वांत महागड्या व्याजाचं आधी. मन सांगतं: सर्वांत लहान आधी, म्हणजे एक नाव तरी खोडता येईल. मनाच्या बाजूनंही पुरावा आहे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी 2012 मध्ये हजारो कर्जदारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त दिसली. माझं मत असं: जे कर्ज तीन महिन्यांत संपू शकतं ते आधी उडवा, व्याजदर काहीही असो. फुली मारलेलं नात्यातलं कर्ज छोटं असेल तर तेही उडवा. मोठं असेल तर त्या माणसाला स्वतः जाऊन तारीख सांगा आणि दर महिन्याला थोडे देत राहा. एवढं झालं की पुढं निमूटपणे व्याजदराच्या क्रमानं जा. लहान-लहान करत बसून महागडं कर्ज वर्षभर चढू देणं ही मनाची समजूत फार महागात पडते.

कपाटावरचा कागद

वहीनं आम्हाला दगा दिला तो ती बंद होते म्हणून. चौथ्या खेपेला मुलीच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद घेतला, पट्टीनं 120 चौकोन आखले आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. आतून, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं नव्हतं; पण कपडे काढताना दिवसातून दोनदा दिसायचाच. एकूण मुद्दल भागिले 120, म्हणजे एक चौकोन. हप्ता गेला की मुलगी खडू घेऊन हजर. एखाद्या महिन्यात दीड चौकोन भरायचा, तेव्हा ती तिरकी रेघ मारून बरोबर अर्धाच रंगवायची आणि वर बजावायची, "पुढच्या वेळी पूर्ण पाहिजे."

चौकोन मुद्दलाचे ठेवा, भरलेल्या पैशांचे नकोत. सुरुवातीला याचा त्रास होतो, कारण लांब मुदतीच्या कर्जात पहिली वर्षं सगळी व्याजातच जातात. 20 वर्षांचं, वर्षाला 9 टक्क्यांचं कर्ज घ्या: 1,00,000 मागं हप्ता साधारण 900 चा, त्यातले पहिल्या महिन्यात 750 व्याज आणि जेमतेम 150 मुद्दल. निम्मं मुद्दल फिटायलाच 14 वर्षं जातात. हे आधी ठाऊक असलं की "एवढं भरतोय तरी काहीच हलत नाही" ही निराशा निदान अनपेक्षित राहत नाही. शिवाय अशा कर्जात सुरुवातीच्या वर्षांत जादा भरलेली रक्कम थेट मुद्दलातून जाते आणि शेवटचे कितीतरी हप्ते खाऊन टाकते. मात्र ती मुद्दलात जमा करून मुदत कमी करा, असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. नाहीतर कधी कधी ती पुढच्या हप्त्यापोटी धरली जाते.

कात्री कशी लावायची

कपातीचे दोन प्रकार असतात. एक, ज्याचा निर्णय एकदाच घ्यायचा आणि विसरून जायचं: वर्गणी रद्द करणं, स्वस्तातला पॅक घेणं, दोन गाड्यांपैकी एक विकणं, विम्याची दुसऱ्या ठिकाणी चौकशी करणं. दुसरा, ज्यासाठी रोज मनाशी झगडावं लागतं: हे नको, ते नको, आज नको. पहिल्या प्रकारातलं सगळं संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. रोजच्या नकारानं माणूस चिडचिडा होतो आणि ती चिडचिड कर्जावर न निघता नवऱ्यावर, बायकोवर, पोरांवर निघते.

दुसऱ्या प्रकारासाठी पाकिटं वापरा. आठवड्याचा किराणा-भाजी आणि किरकोळ खर्च यांची रोख रक्कम दोन पाकिटांत. पाकीट रिकामं झालं की तो खर्च सोमवारपर्यंत थांबला. आपण सारखं कुणाला 'नाही' म्हणायला नको, ते काम पाकीट करतं.

आणि प्रत्येकाला एक चैन ठेवा. लहान, ठरलेली, हिशेब न मागता. नवऱ्याचं वर्तमानपत्र मी पहिल्या खेपेला बंद केलं होतं, बचत काय तर नखाएवढी, आणि त्यावरून महिनाभर अबोला. चौथ्या खेपेला वर्तमानपत्र परत आलं. महिन्यातून एकदा रात्री, मुलं झोपल्यावर, दोघांनी वीस मिनिटं बसून आकडे बघायचे असाही नियम केला. या बैठकीत मागचं काही उकरायचं नाही. कर्ज कुणामुळं झालं, हा विषय तर अजिबात नाही.

मधला टप्पा

खरी परीक्षा इथं. सुरुवातीची ऊब गेलेली, शेवट दिसत नाही, आणि तुमच्या बरोबरीचे लोक फिरायला जाऊन आल्याचे फोटो टाकतायत. साधारण पस्तिसाव्या चौकोनापासून ऐंशीपर्यंत आमच्या घरात त्या कागदाकडं कुणी धड बघत नव्हतं. मुलीलाही कंटाळा आला होता. खडू मीच फिरवायचे, तोही कधी आठवडाभर उशिरा.

यात आपल्याच स्वभावाचा दोष आहे असं मला वाटायचं. पुढं कळलं की हे सगळ्यांचंच आहे. आंद्रेआ बोनेझी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की कुठल्याही लांबच्या कामात सुरुवातीला आणि शेवटी जोर असतो, मध्ये तो ओसरतो. सुरुवातीला आपण निघालो तिथून अंतर मोजतो, शेवटी पोचायचं तिथून. मध्ये उभं राहिलं की दोन्ही टोकं सारखीच लांब दिसतात. यावर दोन उपाय आम्हाला लागू पडले. निम्म्यापर्यंत फक्त किती फिटलं तेच बोलायचं, निम्मं ओलांडलं की फक्त किती उरलं ते. आणि मधला भागच तोडून टाकायचा: 120 च्या कागदावर दर दहा चौकोनांनंतर जाड रेघ ओढली. मग कुणी 120 कडं बघतच नव्हतं, पुढची रेघ तेवढी बघायची. रेघेवर पोचलो की ठरलेली एक छोटी गोष्ट, रोखीनं, त्याच दिवशी.

पगारवाढ किंवा कुठून एकरकमी पैसे याच टप्प्यात येतात आणि इथंच पाय घसरतो. ते यायच्या आधीच ठरवून ठेवा: निम्मे कर्जात, निम्मे घरात. हातात आल्यावर ठरवायला बसलात तर घरातले हजार खर्च एकाच वेळी तोंड उघडतात.

घसरलात तर

घसरणारच. एखाद्या महिन्यात कार्ड निघेल, गाठ सुटेल. धोका त्या एका खर्चात फारसा नसतो, त्यानंतरच्या "आता नियम मोडलाच आहे तर" या वाक्यात असतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये डाएट करणाऱ्यांवर प्रयोग केला होता. ज्यांना आधी मिल्कशेक प्यायला लावलं त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे म्हटल्यावर हात मोकळा सुटतो. पैशांचंही तसंच होताना मी पाहिलंय, आमच्याच घरात.

म्हणून घसरल्यावर काय करायचं ते शांत डोक्यानं आधी लिहून ठेवा, जर-तरच्या भाषेत. जर कार्ड वापरलं, तर त्याच आठवड्यात घरात सांगायचं. जर हप्त्यातली जादा रक्कम भरता आली नाही, तर त्या महिन्यात निम्मी तरी भरायची, शून्य नाही. जर गाठ मोडली, तर दोन महिने जादाची रक्कम आधी गाठीत. आमच्या कपाटावर चौकोनांच्या खालीच हे तीन 'जर' लिहिलेले होते. रंगवलेला चौकोन खोडायचा नाही, हा चौथा नियम मुलीनं स्वतः घातला.

एखादं कर्ज संपलं की

त्याच दिवशी दोन कामं करा. कर्ज पूर्ण फिटल्याचं लेखी पत्र मागा, तारण ठेवलेली कागदपत्रं असतील तर मोजून परत घ्या. आणि मोकळा झालेला हप्ता त्याच तारखेपासून पुढच्या कर्जाला जोडा, खात्यावरची सूचना बदलून. एक महिना जरी ती रक्कम घरात मोकळी फिरली तरी खर्च तिला गिळतो आणि नंतर ती कुठं जात होती ते आठवतही नाही. आम्ही मध्ये एक महिना 'जरा श्वास घेऊ' म्हणून थांबलो, तो श्वास चार महिने चालला.

शेवटचे सहा चौकोन कुणी रंगवायचे यावरून दोन्ही मुलांचं भांडण झालं. मधल्या काळात जो कागदाकडं फिरकत नव्हता तो धाकटाही खडू घेऊन रांगेत. तीन-तीन वाटून दिले.